विषय : माझा व्हिडिओ 'कायद्याने' गायब केल्याबाबत

तक्रार निवारण अधिकारी यांस,

तुमच्या मदत केंद्राचा फोन आत्ताच ठेवला. राग निवायच्या आत लिहितो आहे.

कापसाच्या हमीभावावर मी अहिराणीत केलेला गमतीचा व्हिडिओ तुम्ही तुमच्या ॲपवरून काढून टाकलात. त्यात शिवी नाही, पुढाऱ्याचं नाव नाही. त्या जागी आता पाटी : 'कायदेशीर कारणास्तव उपलब्ध नाही.'

फोनवर विचारलं, कोणत्या कायद्याने? "सर, भारताच्या." कलम? "सिस्टिममध्ये दिसत नाही." आदेश सरकारचा की कोर्टाचा? "गोपनीय आहे." बरं, कोणतं वाक्य खटकलं तेवढं तरी सांगा. तर म्हणे, "सर, व्हिडिओ तुम्ही बनवलाय, तुम्हालाच माहीत असेल." वर पैसे भरून जास्त लोकांपर्यंत पोचायची योजना ऐकवली! दिसतच नाही तो व्हिडिओ जास्त लोकांना दाखवायचे पैसे. असा हिशोब आमच्याकडचा अडत्यासुद्धा मांडत नाही.

कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, म्हणून थोडक्यात. स्वतःहून काढला असेल, तर २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे आधी मला कळवून कारण द्यायला हवं होतं. सरकारने आयटी कायद्याच्या कलम ६९-अ खाली, म्हणजे मजकूर रोखायच्या अधिकारात, काढायला लावला असेल, तर त्या आदेशाची कारणं लेखी असावी लागतात. सुप्रीम कोर्टाने २०१५ साली त्याच कायद्यातलं, ऑनलाइन लिहिण्यावर गुन्हा लावणारं ६६-अ रद्द केलं आणि ६९-अ ठेवलं, ते अशा अटींच्या आधारावरच. कोर्टाचा हुकूम असेल तर खटल्याचा नंबर द्या. तिन्हींपैकी काय, एवढंच विचारतोय. कोणत्या कलमाने, ते सांगा!

आमच्या अमळनेरात शिकवलेल्या साने गुरुजींचा कवितासंग्रह इंग्रजांनी जप्त केला होता. पण कुणी केला, हे तरी लोकांना ठाऊक होतं. तुम्ही त्यांच्याही पुढे गेलात. अभिनंदन.

वर्गणी मात्र खात्यातून दर महिन्याला न चुकता कापता. तिथे काही गोपनीय नसतं.

आधी केलेल्या तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची असते, ती अजून नाही. उत्तर टाळलंत किंवा पुन्हा तीच पाटी दाखवलीत, तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाईन. धुळ्याला वकील भाचा आहे, नोटीस तो काढेल. गावातल्या पोरांना तुमचं ॲप मीच शिकवलं होतं, याचं आता वाईट वाटतं.

उत्तर लेखी हवं, कलमासकट. योजना सांगायला फोन करू नका.

अजून तरी तुमचा ग्राहक,
अमळनेर, जि. जळगाव