आबांची पेटी नीट उघडून दिलीत, मेजर

आदरणीय मेजर,

सादर नमस्कार.

सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तुमच्या टेबलापुढे रोज किती माणसं कागद घेऊन उभी असतात, ते मी पाहिलंय. म्हणून ओळख सांगते. कोरेगाव तालुक्यातून नऊवारीतली आजी आणि पोलिसात असलेली तिची नात हिरवी लोखंडी पेटी घेऊन आली होती, त्या आम्ही. माझे आजोबा, आमचे आबा, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधले, जंगी पलटणीतले नाईक. ते गेल्यावर आजीच्या फॅमिली पेन्शनसाठी तुमच्याकडे आलो होतो.

घोळ नावाचा होता. डिस्चार्ज बुकात आजीचं माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, पासबुकात तिसरंच. बँकेत ‘नाव जुळत नाही’ एवढंच ऐकून आजी परत फिरली होती. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला मीच त्यांची बायको हे सिद्ध करावं लागतंय, याचं तिला फार लागलं होतं. तुम्ही आधी तिला खुर्ची दिलीत, पाणी दिलंत, आणि ‘वहिनी, तुम्ही आमच्या पलटणीच्या, तुमचं काम अडणार नाही’ म्हणालात. त्या दिवशी ती घरी येऊन पोटभर जेवली. पुढे तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, सैन्याच्या पेन्शनीच्या ‘स्पर्श’ पोर्टलवरची नोंद, सगळं तुम्ही मार्गी लावलंत. अर्जाचा मसुदा तर तुमच्याच हातचा. आता आजीची पेन्शन सुरू आहे आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ती स्वतः जाते.

पण एवढ्यासाठीच लिहायचं असतं तर एक फोन पुरला असता.

पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, शोधताना पेटीतून बिस्किटांचा डबा निघाला. त्यात आबांची पदकं होती. आमच्या घरात ती कुणी नीट पाहिलेलीच नव्हती. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत, टेबलावर रुमाल पसरलात आणि एकेक पदक त्यावर मांडलंत. हा पाच टोकांचा पूर्वी स्टार, म्हणजे तुझे आजोबा एकाहत्तरला पूर्वेच्या आघाडीवर होते. हे संग्राम मेडल. हे स्वातंत्र्याला 25 वर्षं झाली तेव्हाचं. मग मला विचारलंत, ‘जमालपूरचं काही सांगितलं का त्यांनी?’

नाही सांगितलं. लढाईबद्दल विचारलं की आबा ‘गेलो, आलो’ म्हणायचे आणि म्हशीच्या धारेला उठायचे. जमालपूर, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं, म्हणजे आताच्या बांगलादेशातलं गाव, मला तुमच्याकडून कळलं. कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला गेली आणि ढाक्याकडे जाणारी वाट अडवून बसली. आपले ब्रिगेड कमांडर, ब्रिगेडियर क्लेर यांनी एका म्हाताऱ्या गावकऱ्याच्या हातून आतल्या पाकिस्तानी फौजेला शरण येण्याचं पत्र पाठवलं, तर आतून उत्तराच्या कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली. मग 10 डिसेंबर 1971 च्या रात्री पाकिस्तानच्या बलुच पलटणीनं वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो थेट आपल्या मराठ्यांच्या मोर्चांवर. 11 तारखेला जमालपूर पडलं. त्या रात्री त्या मोर्चांमध्ये चोवीस वर्षांचे आबा होते. तेव्हाच्या त्यांच्याहून मी आज मोठी आहे.

मी ज्यांना ओळखते ते आबा वेगळे. तांब्यात निखारे भरून आमच्या गणवेशाला इस्त्री करणारे. रविवारी रात्री ओट्यावर सगळ्या नातवंडांचे बूट ओळीनं मांडून पॉलिश करायचे. आधी ब्रश, मग फडकं, शेवटी टाच उजेडाकडे धरून बघायची. कुणाच्या बुटाची शिवण उसवली असेल तर सकाळच्या आत मेणाच्या दोऱ्यानं शिवून ठेवलेली असायची. मी पोलीस भरतीची तयारी करत होते तेव्हा पोरीला एकटीला अंधारात कसं पाठवायचं यावर घरात वाद झाला. आबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे टॉर्च आणि घड्याळ घेऊन दारात उभे. आठशे मीटरची खूण त्यांनी बांधावर चुन्यानं आखली होती. ‘सुरुवातीला पळू नगं, शेवटाला पळ’ हे त्यांचं एकच सांगणं, आणि मैदानी चाचणीच्या दिवशी मी नेमकं तेच केलं. गुडघे दुखत असूनही त्यांनी एक पहाट चुकवली नाही.

हे सगळं मी तुम्हाला भडाभडा सांगत सुटले आणि तुम्ही ऐकून घेतलंत. बाहेर माणसं खोळंबली होती, तरी.

मग त्या पावत्या. डब्याच्या तळाशी सुतळीनं बांधलेला मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा होता. वर्षानुवर्षं, दर डिसेंबरला, चंदगड तालुक्यातल्या एकाच बाईच्या नावे. आजीचा चेहरा उतरलेला तुम्हालाही दिसला असेल. तुम्ही घाईनं काही बोलला नाहीत. नाव आणि गाव टिपून घेतलंत, कोल्हापूरच्या कार्यालयात चौकशी केलीत आणि काही दिवसांनी तुमचा फोन आला: ती वीरमाता होती. तिचा मुलगा आबांच्याच कंपनीत होता आणि जमालपूरला पडला. ती असेपर्यंत आबा पैसे पाठवत राहिले. स्वतःच्या घराचं छप्पर गळत होतं त्या सालीही पाठवले. हे ऐकून आजी म्हणाली, ‘मला सांगितलं असतं तर मी काय नको म्हणाले असते?’ आणि मग कितीतरी वेळ रडली. आबा गेल्यापासून ती रडलीच नव्हती, मेजर.

त्या घरच्या लोकांना विचारून, त्यांची संमती घेऊन मगच तुम्ही त्यांचा नंबर आम्हाला दिलात. वर्षश्राद्धाला वीरमातेचे पुतणे आले होते. येताना काजू आणि एक जुना फोटो घेऊन आले. त्यात दोन पोरगेलेसे जवान बेळगावच्या एका स्टुडिओत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत. डावीकडचे आबा. इतके मोकळे हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आजीनं पुतण्यांना ओवाळलं आणि दिवाळीला यायचं वचन घेतलं.

आबांच्या नोकरीचे कागद तुम्ही ओळखीचे करून दिलेत, तशी आमच्या घराला त्यांच्या आयुष्याची अर्धी बाजू मिळाली. माझा भाचा आता शाळेत जमालपूर सांगतो, क्लेर आणि ब्रार यांच्या नावांसकट. हे ऋण मानायला आमच्याजवळ शब्द तोकडे आहेत.

तुम्ही एक काम सांगितलं होतं, ते इथेच करते. ज्यांच्या घरी माजी सैनिक आहेत त्यांनी ते हयात असतानाच डिस्चार्ज बुक आणि पीपीओवरचं पत्नीचं नाव, जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून पाहावी. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्यांच्याच सहीनं जाऊ द्या. आमच्या गावातल्या माजी सैनिकांचे कागद मी रजेच्या दिवशी तपासायला घेतलेत. अडलं की तुमच्याकडेच येणार आहे.

आजीनं नमस्कार सांगितलाय. घेवडा निघाला की पाठवतेय, नाही म्हणायचं नाही.

जय हिंद.

आपली नम्र,
नाइकांची नात