मॉरिस मायनरच्या पुढच्या चाकांसाठी : उद्यमनगरच्या एका मिस्त्रींना जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्री काका,

सा. न. वि. वि.

आपले नाव कुठेही छापायचे नाही असे आपण निघताना बजावले होते, म्हणून ते इथे लिहीत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांची जुनी गाडी कधी आपल्या हाताखालून गेली आहे, त्यांना हे पत्र कोणासाठी आहे ते लगेच कळेल. आपण तोंडावर आभार मानू दिले नाहीत. हात पुसत "काम होतं, केलं की" एवढेच म्हणालात आणि पुढच्या गाडीकडे वळलात. मला मात्र अजूनही त्या संध्याकाळची आठवण झाली की गळा दाटून येतो, आणि हे चारचौघांत सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमची १९५३ सालची मॉरिस मायनर, मधोमध दांडी असलेल्या दुभंगलेल्या काचेची, वडिलांनी फार हौसेने सांभाळलेली. त्यांच्या पश्चात आई तिच्यातून देवळात जाई, बहिणीकडे जाई, आणि बसायची जागा ठरलेली, चालकाच्या शेजारची डावीकडची. गाडी पुढून खडखडू लागली, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत सावरत बसावे लागू लागले, तेव्हा पुण्यातल्या एका नावाजलेल्या गॅरेजात ती दिली. आत शिरल्याबरोबर भिंतीवर रॅलींमधले फोटो, बसायला सोफा, बोलायला गोड माणसे. त्यांनी पुढे नवे, नळीत नळी सरकणारे टेलिस्कोपिक शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले, सगळ्या सांगाड्याला चकचकीत काळा रंग मारला आणि गाडीचा पुढचा भाग आता नव्यासारखा झाला असे सांगून भले मोठे बिल हातात ठेवले. त्यानंतर काही दिवसांतच एका वळणावर डावे चाक खालून असे लचकले की आईने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. घरी आल्यावर ती काही बोलली नाही, पण पुन्हा गाडीत बसली नाही. तक्रार घेऊन गेलो तेव्हा मिळालेले उत्तर असे, की जुनी गाडी आहे, आवाज यायचाच. दुसऱ्या एका ठिकाणी तर पुढचे सगळे कापून टाकून त्या जागी एखाद्या आधुनिक छोट्या गाडीचे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेले उभे खांब, वेल्डिंगने बसवू, असे उत्साहाने सुचवण्यात आले.

आपण पहिल्या दिवशी गाडी जॅकवर घेतलीत, चाक वर-खाली धरून हलवलेत आणि मला शेजारी बसवून जे समजावलेत, ते त्या रंगकाम करणाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून सांगावेसे वाटले नव्हते. या गाडीत चाकाला वरून धरून ठेवणारा हात हा जुन्या लिव्हर शॉकचाच, म्हणजे तरफेने चालणाऱ्या शॉकचाच, हात असतो, आणि तो शॉक इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर बोल्टने आवळलेला असतो. त्यामुळे त्याच्या दांड्याचे बुश, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या, झिजलेले असताना बाजूला कितीही उत्तम टेलिस्कोपिक शॉक लावला, तरी चाक वरून ढिलेच राहणार. खाली ट्रनियन, म्हणजे आतून आटे असलेला धातूचा ठोकळा. किंगपिन, म्हणजे चाक जिच्याभोवती वळते ती उभी पिन, त्यात आट्यांनी बसवलेली, आणि स्टिअरिंग फिरले की ती त्याच आट्यांमध्ये फिरणार. वर्षानुवर्षे ग्रीस पोचले नाही की आटे खाल्ले जातात, आणि एके दिवशी, बहुधा हळू वेगात वळताना, पिन ट्रनियनमधून निसटून चाक मडगार्डखाली दुमडते. आमच्या डाव्या बाजूची पिन काढून आपण ती जुन्या ट्रनियनसह माझ्या हातात दिलीत आणि हलवून बघायला सांगितलेत. दोन बोटांत धरली तरी ती कडेकडेने खुळखुळत होती. काळा रंग तिच्यावरही व्यवस्थित लागलेला होता. आईच्या बाजूचे चाक एवढ्यावर उभे होते, हे आठवून आजही अंगावर काटा येतो.

स्ट्रट बसवण्याची सूचना मी आपल्या कानावर घातली तेव्हा आपण प्रथमच जरा चिडल्यासारखे बोललात. सर अ‍ॅलेक इसिगोनिस या तिच्या रचनाकारांनी या गाडीचा पुढचा भार टॉर्शन बारवर टाकला आहे. ओला पंचा पिळावा तशी ती लांब सळई पिळली जाते आणि तिचा जोर मागे, आपल्या पायाखालच्या आडव्या क्रॉसमेंबरमध्ये उतरतो. मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर चाकाचा दणका घेण्याचे काम कधी सोपवलेलेच नाही. त्याच पत्र्यावर स्ट्रटचे वरचे टोक टेकवायचे म्हणजे गाडीचा बळी देणे आहे, असे आपण म्हणालात. १९४८ साली लोकांपुढे आलेल्या या गाडीची मूळ मांडणी राखूनही तिला आजच्या रस्त्यांसाठी सुधारता येते, हे मी आपल्याकडे डोळ्यांनी पाहिले. आधी इंग्लंडहून मागवलेल्या नव्या पिना आणि ट्रनियन, डाव्या-उजव्या बाजूंचे आटे उलटे असतात म्हणून खडूने खुणा करून वेगवेगळ्या ट्रेमध्ये ठेवलेले. मग शेजारच्या लेथवर घडवलेले बुश घालून लिव्हर शॉकचा हात घट्ट केलेला. चाकाचा खालचा हात धरून ठेवणाऱ्या टाय-रॉड आणि आय-बोल्टला पॉलियुरेथेनचे बुश. आणि हे सगळे जागेवर आल्यानंतरच टेलिस्कोपिक शॉक. ज्या वस्तूपासून इतरांनी सुरुवात केली आणि तिथेच काम संपवले, ती आपण शेवटी लावलीत. बाकी कामाचा तपशील इथे लांबवत नाही.

कारण मला सांगायचे आहे ते वेगळेच आहे.

गाडी न्यायला आलो त्या दिवशी आई अंबाबाईच्या दर्शनासाठी म्हणून सोबत आली होती. गाडीत बसायचे तिच्या मनात नव्हते. परतीचा प्रवास एस.टी.ने करायचा असे तिने पुण्यातच ठरवून टाकले होते. आपण हिशेब दिला होता, मी पैसे चुकते केले होते, आपल्या हाताखालची पोरे साबणाने हात धूत होती. आपण मला विचारलेत, शेजारच्या सीटवर नेहमी कोण बसते? मी आईकडे पाहिले. तेव्हा आपण स्वतः दार उघडून धरलेत आणि म्हणालात, "आई, रोज बसता तशाच बसा की जरा. पिशवीपण मांडीवर असू द्या."

आई बसली. आपण टेप काढून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर आधी डावीकडे मोजलेत, मग मला चालकाच्या जागी बसवून दोन्ही बाजूंना मोजलेत. डावी बाजू किंचित खाली होती. मला ती दिसलीही नसती, आणि दिसली असती तरी मी काही बोललो नसतो, कारण काम पूर्ण झालेले होते. मग आपण आईला उतरायला सांगितलेत आणि ती उतरत असताना आपली नजर गाडीवर नव्हती, तिच्या गुडघ्यावर होती. "चढता-उतरताना पाय अवघडतो का? खरं सांगा," असे विचारलेत. आई म्हणाली, एवढी उंची बरी आहे, याहून खाली नको. तेवढे ऐकून आपण पोरांना थांबवलेत, गाडी पुन्हा वर घेतलीत, टॉर्शन बारचे मागचे टोक सोडवून नव्या खाचेत बसवलेत, आणि अंधार पडल्यावर आईला पुन्हा बसवून पुन्हा मोजलेत. आईसाठी कोणीतरी खुर्ची आणि चहा आणला होता. या जादा कामाचे पैसे विचारले तेव्हा आपण उत्तरही दिले नाही.

त्या गाडीची आईला बसलेली भीती घालवायला माझे कोणतेही आश्वासन पुरे पडले नसते. कोणीतरी तिच्या वजनाचा, तिच्या गुडघ्याचा, तिच्या मांडीवरच्या पिशवीचा विचार करून गाडीची उंची ठरवतो आहे, हे तिने समोर बसून पाहिले, आणि एस.टी.चा विषय तिने पुन्हा काढला नाही. खंबाटकी घाटाच्या बोगद्यापर्यंत ती कासेगावचा ऊस, नव्या पुलांची कामे यांवर बोलत होती. कात्रजला उतरताना रस्ता खराब लागला तेव्हा गाडी एकदा दबून लगेच स्थिर झाली, आणि मी तिच्या हातांकडे पाहिले. हात पिशवीवरच होते.

ज्या कामाकडे गिऱ्हाईक कधी वाकून पाहणार नाही, ते काम कोणी पाहत नसतानाही चोख करणारी माणसे आपल्याकडे अजून आहेत, आणि ती बहुधा सोफा-काचेच्या दालनांत सापडत नाहीत; पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीवर गणपतीचे कॅलेंडर लावलेल्या जागी सापडतात. त्यांच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. फसवणुकीच्या तक्रारी आपण सगळेच तावातावाने लिहितो. मीही वर लिहिली आहे, आणि ती लिहायलाच हवी, कारण ट्रनियन न तपासता रंग मारून दिलेली गाडी माणसाचा जीव घेऊ शकते. पण त्याच तावाने चांगुलपणाची नोंदही झाली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आपण सांगितल्याप्रमाणे पुढची दोन्ही चाके जमिनीपासून उचलूनच ग्रीस भरतो आहे, म्हणजे ते आट्यांच्या भार घेणाऱ्या बाजूलाही पोचते. वर-खालच्या चारही निपलमधून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारतो. दिवाळीनंतर तपासणीसाठी गाडी घेऊन येईन. आईही येणार आहे, आणि आपल्यासाठी व पोरांसाठी चकल्या तीच करून आणणार आहे. त्या मात्र नाकारू नयेत, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक मॉरिस मायनरवाला, पुणे