तिवारी पकडला गेला, आणि मी पण

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तुमच्या पुरवणीत 'द फॅमिली मॅन' ह्या वेबसिरीजच्या तिसऱ्या सीझनबद्दल जे छापून आलं ते वाचलं. जवळजवळ सगळं पान ह्या वेळच्या खलनायकावर, रुक्मा झालेल्या जयदीप अहलावतवरच खर्ची पडलंय. माणूस कसलं भारी काम करतो, त्याला कोण नाही म्हणतंय, पण आम्ही जे २०१९ पासून ह्या तिवारीच्या, म्हणजे मनोज वाजपेयीनं केलेल्या हेराच्या, नादी लागलोय त्यांचं दुखणं वेगळंय, म्हणून म्हणलं लिहावंच एकदा. (अजून बघून झालं नसेल त्यांनी हे पत्र बाजूला ठेवा, शेवट फुटणाराय.)

पहिला सीझन आला २० सप्टेंबर २०१९ ला. सांगलीच्या माणसाला ही तारीख मुद्दाम लक्षात ठेवायला लागत नाही, कारण त्याच ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि गावभागातल्या आमच्या घरात खाली छातीएवढं पाणी, टीव्ही गेला, फ्रीज गेला, लाकडी कपाटं फुगून दारं बसेनात. भिंतींचा तो कुबट वास अजून जात नव्हता आणि आम्ही माडीवर गादी टाकून, मोबाईल उशीला टेकवून दहाच्या दहा भाग बघितले. मधे पोरगी, ती तेव्हा पाचवीत, शिवी यायची वेळ झाली की मी तिचे कान दाबायचो, आणि तिवारीचं तोंड बघता मला हात खाली घ्यायला फार मिळालेच नाहीत. दुसरा सीझन ४ जून २०२१ ला, लॉकडाऊनमध्ये, आणि पुढच्याच महिन्यात परत पाणी घरात. म्हणून ह्या वेळी तारीख जाहीर झाल्यावर आई म्हणाली, आधी सामान माडीवर चढवा, मग काय बघायचं ते बघा.

तर २१ नोव्हेंबरला शुक्रवारी सीझन आला. घरात ठरलेलं की शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळूनच बघायचं, तोवर कुणी हात लावायचा नाही. मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. नोव्हेंबरात नवी हळद यायला अवकाश असतो, दुपारी काम असं नसतंच, मालक जेवायला गेले की पोत्यांच्या थप्पीमागं खुर्ची टाकून बसलो, कानात हेडफोन घातला, आणि म्हणलं दहा मिनिटं बघू. दोन भाग झाले बघा! संध्याकाळी घरी जाऊन अगदी साळसूद तोंड करून बसलो, वर पोरीला विचारतोय पण, काय गं, कितीला लावायचं उद्या.

शनिवारी भडंगाची परात मधे, कांदा चिरून झालेला, आई खुर्चीत, सगळे जागेवर. बायकोनं टीव्ही लावला. पहिल्या भागाच्या चित्राखाली ती बारीक रेघ असते ना, किती बघून झालं ते दाखवणारी, ती पार टोकापर्यंत भरलेली. दुसऱ्याची पण. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की मोबाईलवर आणि टीव्हीवर खातं एकच आहे. बायको काही बोलली नाही, रिमोट माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "तुम्हीच लावा, कुठनं लावायचं ते तुम्हाला माहितीय."

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की ह्या सिरियलचा सगळा जीव मला विचाराल तर ह्यातच होता. तिवारी देश वाचवतो वगैरे ठीक आहे, पण तो घरी खोटं बोलतो आणि ते त्याला नीट जमत नाही, हे बघायला आम्ही बसायचो. 'टास्क' म्हणजे त्याचं गुप्तहेर खातं, पण घरच्यांना वाटतं हा कुठल्यातरी सरकारी ऑफिसात फायली ढकलतो. इकडं अतिरेक्याच्या मागावर आणि तिकडं बायकोचा फोन, पोरांच्या शाळेत बोलावलंय, शिवाय घराच्या कर्जाची भानगड. दुसऱ्या सीझनमध्ये ते सगळं सोडून आयटी कंपनीत गेला, तिथं त्याच्याहून लहान वयाचा बॉस त्याला ज्ञान पाजळायचा, तेव्हा आमच्या घरात मी सोडून सगळे हसत होते, कारण माझ्या मालकांचा मुलगा नुकताच पेढीवर बसायला लागला होता. ही सिरियल करणाऱ्या राज आणि डीके ह्या जोडीला ते असं चिमटीत पकडता येतं. पगारदार माणसाचा चेहरा मनोज वाजपेयीसारखा दुसऱ्या कुणाला आणता येत नाही, नुसता पिशवी घेऊन उभा राहिला तरी महिनाअखेर वाटते.

तिसऱ्या सीझनमध्ये नेमकं हेच काढून घेतलं. पोरांना बाप काय करतो ते एकदाचं कळतं, आणि लगेच तिवारीवरच संशय येतो, त्याचीच माणसं त्याच्या मागं लागतात आणि सगळं घर पळत सुटतं. पळणाऱ्या माणसाला कुठलं दुधाचं बिल आणि कुठला पालकांचा ग्रुप. कल्पना म्हणून चांगली आहे, मला मान्य आहे, तीच तीच गंमत कितींदा करणार, पण पकडणारं कुणी घरात उरलंच नाही हो. त्याच्या बायकोच्या, सुचीच्या, कपाळावरची ती आठी, खोटं ऐकलं की पडायची, ती ह्या वेळी मला फारशी दिसलीच नाही.

तिवारीचा टास्कमधला जोडीदार तळपदे आहे म्हणून तरलं सगळं. तळपदे करणारा शारिब हाश्मी मराठी नाही हे मला पहिल्या सीझननंतर वर्षभरानं कळलं, तोवर मी छातीठोक सांगत होतो की हा आपल्याकडचाच कुणीतरी. तळपदे आणि तिवारी जीपमध्ये शेजारी बसून कुचकट बोलत असतात तेव्हा बाहेर गोळीबार नाही झाला तरी चालेल. आणि चेल्लम सर, तिवारीनं फोन केला की हवी ती माहिती देणारे ते निवृत्त हेर! आमच्या यार्डात पण असे एक आहेत, सत्तरीचे, एका जुन्या दलालाकडं दिवाणजी होते, फोन केला की निजामाबाद आणि इरोडचा हळदीचा भाव खडाखडा सांगतात आणि आपण आभार मानायच्या आत फोन ठेवतात. त्यांचं नावच आम्ही चेल्लम पाडलंय, त्यांना का ते अजून माहीत नाही.

आणखी एक चांगलं सांगतो, नाहीतर म्हणाल नुसती कुरकुर. ह्या वेळी गोष्ट नागालँडमध्ये नेलीय आणि तिथली माणसं बरीचशी त्यांच्याच बोलीत बोलतात. मागं चेन्नईत नेली होती तेव्हा तमिळ होतं, तसंच. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, आईला ती येत नाहीत, मग पोरगी मोठ्यानं वाचून सांगत होती, तिचं सांगून होईस्तोवर पुढचा माणूस मेलेला असायचा आणि आई विचारायची, ह्यो का मेला? पण आवडलं. हिंदी सिनेमात आपल्या गड्याच्या तोंडी जे मराठी घालतात ते ऐकलेल्या माणसाला ह्याची किंमत कळते.

आता खरी आग. राज-डीके, साडेचार वर्षं जवळजवळ थांबवलं तुम्ही. पहिल्याला दहा भाग, दुसऱ्याला नऊ, ह्याला सात. बरं सातच करा, पण गोष्ट तरी संपवा? रुक्मा निसटला, तिवारी जखमी होऊन पडला आणि नावं पळायला लागली. बायकोला वाटलं वायफाय गेलं, ती उठून राउटर बंद-चालू करून आली! कुणी म्हणेल पहिला सीझन पण असाच तोडला होता, दिल्लीतल्या केमिकलच्या कारखान्यात गॅस सुटला आणि आत अडकलेल्या टास्कच्या मिलिंदचं काय झालं ते कळायला २०२१ उजाडलं. हो, पण तिथं एक गोष्ट घडून गेलेली होती, सुरुवात होती, गुंता होता, आणि शेवटी फक्त पोटात गोळा ठेवून गेले. इथं पान वाढलं, वरण-भात वाढला, तूप आणायला गेले ते आलेच नाहीत. परत साडेचार वर्षं लावली तर माझी पोरगी, जी आता अकरावीत आहे, ती नोकरीला लागलेली असेल.

त्याच्या पुढच्या रविवारी बायकोचा राग घालवायला म्हणून सगळ्यांना घेऊन बाणूरगडला गेलो. विट्यावरून खानापूर आणि तिथनं पुढं. भूपाळगड म्हणतात तो हाच, आणि बहिर्जी नाईकांची समाधी तिथं आहे. सांगली जिल्ह्यातल्या किती लोकांना हे माहीत असतं देव जाणे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी सगळी खबर ज्यांनी काढली ते बहिर्जी. वर वारा म्हणजे टोपी धरून उभं राहायचं. पोरीनं समाधीपुढं फूल ठेवलं आणि विचारलं, बाबा, ह्यांच्या घरी माहिती असेल का हो, हे काय काम करतात ते. मी म्हणलं काय की बाई. बायको मागनं म्हणाली, बायकोला असणारच.

पासवर्ड तिनं बदललाय. चौथा येईल तेव्हा कुणाकडं मागायचा ते मी हेरून ठेवलंय, पण ते पेपरात कसं लिहू, ती तुमचा पेपर माझ्या आधी वाचते.

आपला,
जुना वाचक, गावभाग, सांगली