पालकमंत्री साहेब, सीएसआरचा पैसा खाडीपर्यंत उतरू दे

मा. पालकमंत्री, रत्नागिरी जिल्हा यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, उद्योग खातं पण तुमच्याकडेच आहे म्हणून हे पत्र थेट तुम्हालाच लिहितोय. विषय लोटे परशुराम एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च, आणि दाभोळ खाडी. आधीच सांगून टाकतो, कंपन्या बंद करा असं आमचं अजिबात म्हणणं नाही, आमच्या वाडीतली निम्मी पोरं तिथेच शिफ्टला जातात, त्या पगारावर घरं उभी राहिलीत, लग्नं लागलीत, तेव्हा विकासविरोधी वगैरे शिक्का मारू नका प्लीज.

पण लोटे वर सड्यावर आणि खाडी खाली, तिकडचं सांडपाणी शेवटी इकडेच येणार. जगबुडी आणि वाशिष्ठी दोन्हीचं पाणी ह्याच खाडीतून दाभोळला समुद्राला मिळतं, आणि काठावरच्या भोई, खारवी, दाल्दी लोकांचं सगळं ह्या पाण्यावर. बोय, काळुंदर, तांबोशी, तिसऱ्या, कालवं, काय नव्हतं इथे! आता मधूनच एखाद्या सकाळी बोयींचा खच पोट वर करून काठाला लागलेला दिसतो, मग फोनाफोनी होते, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात, आणि सँपल घ्यायला माणसं पोचेपर्यंत भरती येऊन गेलेली असते. मग बाटलीत काय सापडणार? पाणी ठीक आहे असा रिपोर्ट येतो आणि विषय संपला.

आता कंपन्यांचं म्हणणं असतं की आम्ही गावासाठी किती करतो बघा. करतात, नाही असं नाही. शाळेला बाकडी, दप्तरं, 5 जूनला झाडं, झाडापेक्षा मोठा कंपनीचा बोर्ड. पण छप्पर गळतंय आणि अंगणात रांगोळी काढताय, असं झालंय हे. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 सांगतं की वर्षाला 5 कोटी नफा किंवा 500 कोटी नेटवर्थ किंवा 1000 कोटी उलाढाल असेल तर आधीच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करा, आणि त्यात कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असंही स्पष्ट लिहिलंय. पण 2021 मध्ये केंद्राने खुलासा केला की हे प्राधान्य सक्तीचं नाही, नुसतं मार्गदर्शक आहे. झालं, हेड ऑफिस शहरात, पैसा कुठे द्यायचा ते तिथे ठरणार, आणि ज्यांच्या जाळ्यात मेलेली मासळी येते त्यांच्या वाट्याला दप्तरं.

आणखी एक, आपला ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, नीट चालवणं हे सीएसआर नाही. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातलं काम सीएसआरमध्ये धरताच येत नाही असं नियमच सांगतो. तसंच परवानगीच्या अटीत जो ग्रीन बेल्ट (झाडांचा पट्टा) घातलेला असतो तो लावायचाच आहे, त्याचे फोटो काढून उपकार केल्यासारखं दाखवायचं कारण नाही. सांडपाण्याच्या सीओडीची (हे पाण्यातल्या घाणीचं एक माप) सर्वसाधारण मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे, ती पाळली म्हणून हार घालायचे का? आधी तो खर्च, मग 2 टक्के. जे पाणी फार जड आहे, क्षार आणि रसायनं जास्त असलेलं, ते कारखान्यातच वेगळं काढून आटवायचं, बाकीचं शुद्ध करून कूलिंग टॉवरला परत वापरायचं, हे तंत्र काही नवीन नाही, केमिकलवाल्या सगळ्यांना माहीत आहे. फक्त वाफेला पैसा लागतो म्हणून टाळाटाळ होते.

एकदा कधी जाताना गाडी थांबवून कारखान्यांच्या गेटवरचे फलक बघा साहेब. घातक कचरा किती, पाणी किती, हवेत काय, सगळे रकाने आखलेले असतात. एका गेटवर तर आकडे ऑइलपेंटने लिहिलेत! रोज बदलणारा आकडा ऑइलपेंटने कोण लिहितो?

मग 2 टक्क्यांचं करायचं काय तर आमचं साधं म्हणणं आहे. खाडीकाठच्या गावांना पाण्यातला ऑक्सिजन मोजायचे मीटर द्या, गावातल्याच बारावी सायन्सच्या पोरापोरींना शिकवून मानधनावर ठेवा, म्हणजे मासळी मेली की तासाभरात आकडा हातात असेल, दोन भरत्या उलटून गेल्यावर नाही. लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन गेला की मासळीचे हाल सुरू होतात, ते लगेच कळलं पाहिजे. हे मीटर कंपनीच्या पैशाचे असले तरी कंपनीच्या हातात नकोत, एवढं मात्र बघा. छोट्या कारखान्यांना हा 2 टक्क्यांचा नियम लागू होत नाही, ते म्हणतील आमचा काय संबंध, पण पाणी त्यांचंही तिथेच येतं, त्यांनीही वर्गणी काढावी. मोठ्या कंपन्यांना तर एकत्र येऊन सीएसआर करायला कायद्याची मुभाच आहे.

बाकी कॅन्टीनची भाजी, तांदूळ बचत गटांकडून घ्या, आयटीआयच्या पोरांना ठेकेदाराकडे न टाकता सरळ कंपनीत घ्या, ही मागणी जुनीच आहे. खाडीकाठच्या मालदोलीला मगरी दाखवायला होडीतून लोक नेतात, तिथल्या पोरांना लाइफ जॅकेट आणि इंजिनाला मदत मिळाली तर तो धंदा पण वाढेल (मगर टिकली तर, आणि मगरीला पण मासळीच लागते).

तर विनंती एवढीच की पावसाआधी एक बैठक लावा, कलेक्टर ऑफिसच्या एसी हॉलमध्ये नको, खाडीकाठच्या कुठल्याही गावात चालेल, समाजमंदिर आम्ही उघडून देतो. कंपन्यांचे एचआरवाले नकोत, ज्यांची सही चालते ते मॅनेजर पाठवा. आणि त्यांना गेल्या 3 वर्षांचा सीएसआर खर्च गावाच्या नावासकट लिहून आणायला सांगा, मराठीत, म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांना पण वाचून दाखवता येईल.

आपला,
खाडीकाठचा एक मतदार