शेख हसीना यांना सोपवा, पण फासावर चढवण्यासाठी नको

माननीय परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, यांस,

सविनय नमस्कार.

१७ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यातील आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरणाने बांगलादेशच्या माजी पंतप्रधान शेख हसीना यांना, २०२४ चा विद्यार्थ्यांचा उठाव चिरडताना झालेल्या हत्यांबद्दल, त्यांच्या गैरहजेरीत फाशी सुनावली. ५ ऑगस्ट २०२४ ला देश सोडल्यापासून त्या भारतात आहेत. त्यांना ताब्यात द्या, या ढाक्याच्या मागणीवर गप्प राहून वेळ काढणे आपल्याला शोभत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

१६ जुलै २०२४ ला रंगपूरमध्ये अबू सईद हा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला. हातात एक काठी, बस्स. पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. त्या उठावात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज आहे. त्यांच्या घरच्यांना आपण काय सांगणार? आमची जुनी मैत्री आहे, म्हणून?

तरीही या फाशीला मी ठाम विरोध करतो. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनला ३० डिसेंबर २००६ रोजी फासावर दिले ते दुजैल या गावच्या १४८ जणांच्या हत्येसाठी. इराकमधल्या कुर्दांच्या ‘अन्फाल’ मोहिमेतील संहाराचा खटला तेव्हा चालूच होता. आरोपीच मेल्यावर त्याच्यावरचे आरोप काढून टाकावे लागले, आणि हजारो कुर्द कुटुंबांना त्याच्याविरुद्धचा निकाल कधीच ऐकायला मिळाला नाही. फास गळ्यात असताना जमलेल्यांपैकी काहीजण ‘मुक्तदा, मुक्तदा’ असे शिया नेते मुक्तदा अल-सद्र यांचे नाव ओरडत होते आणि कुणीतरी ते मोबाइलवर टिपत होते. कोर्टाची शिक्षा जगाला एका गटाचा सूड वाटली. ही फाशी होऊ नये असे भारताने आधीच म्हटले होते, आणि झाल्यावर जाहीर नाराजीही व्यक्त केली होती.

पाकिस्तानचे माजी पंतप्रधान झुल्फिकार अली भुत्तोंना १९७९ मध्ये फाशी झाली. त्यांचा खटला न्याय्य झाला नव्हता, हे पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मान्य केले. पंचेचाळीस वर्षांनी!

ढाक्याचे हे न्यायाधिकरण हसीना यांच्याच सरकारने २०१० मध्ये, १९७१ च्या युद्धगुन्ह्यांसाठी, उभे केले. २०१३ मध्ये जमात-ए-इस्लामीचे नेते अब्दुल कादर मुल्ला यांना तिथे जन्मठेप झाली, तेव्हा ढाक्यातल्या शाहबाग चौकात लोक फाशीसाठी रस्त्यावर उतरले. सरकारने कायदा बदलला, अपिलात फाशी झाली आणि त्याच वर्षी ती दिलीही गेली. जमावाचा संताप पाहून कायदा वाकवणे तेव्हाही चूक होते, आजही चूकच ठरेल.

मार्ग आपल्याला ठाऊक आहे. मुंबई बॉम्बस्फोटांतील आरोपी अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये सोपवले, ते भारताने फाशी न देण्याची हमी दिल्यावरच. पोर्तुगालला दिलेला शब्द सरकारने पाळलाच पाहिजे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये बजावले. जी हमी आपण दिली, ती मागायला संकोच कसला?

ढाक्याकडे दोन गोष्टी लेखी मागा: फाशी होणार नाही, आणि हसीना यांच्यासमोर, त्यांच्या पसंतीच्या वकिलांसह खटला नव्याने चालेल. ढाक्याने नकार दिला तर तो देशाला जाहीरपणे सांगा. होकार दिला, तर प्रत्यार्पण कायद्याखालची न्यायालयीन चौकशी पूर्ण होताच त्यांना पाठवण्यात एका दिवसाचाही विलंब करू नका.

आपला,
एक नागरिक