प्रवेश झाला, आता सत्राचा हिशेब सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की महिनाभर कटऑफ, गुणवत्ता यादी आणि उरलेल्या जागा यांच्या बातम्या येतात. प्रवेश पार पडले की विषय संपतो. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना मात्र खरी अडचण तिथून पुढे दिसते. मुले अभ्यासात मागे पडण्याआधी सत्राच्या हिशेबात चुकतात, कारण तो त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो.

चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) लेखी विषय म्हणजे 60 तासिका. 75 टक्के हजेरीसाठी 45 लागतात, म्हणजे चुकवता येतात त्या फक्त 15. आठवड्याला चार तासिका असतील आणि मुलगी शेवटच्या फेरीतून दोन आठवडे उशिरा आली, तर आठ तिथेच गेल्या. उरल्या सात. गौरी-गणपतीला गावी जाणे आणि एखादा ताप, एवढ्यात त्याही संपतात. काही महाविद्यालये हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून धरतात, काही सत्राच्या पहिल्या दिवसापासून. हे पहिल्याच आठवड्यात कार्यालयात विचारून घ्यायला हवे. परीक्षेच्या तोंडावर विचारून उपयोग नसतो.

अंतर्गत गुणांचे तसेच. बारावीला 80 गुणांची लेखी आणि 20 अंतर्गत असतात, आणि ते 20 बहुतेकांना सहज पडलेले असतात. पदवीलाही तसेच मिळतील असे मुले धरून चालतात. इथे कुठे 30-70, तर कुठे 40-60 अशी विभागणी असते आणि अनेक ठिकाणी दोन्हींत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. 40 टक्क्यांची अट असेल, तर 30 पैकी 12 आणि 70 पैकी 28. लेखीत 45 आणि अंतर्गतमध्ये 10 मिळवणारा विद्यार्थी एकूण 55 गुण असूनही त्या विषयात अडकतो. तो विषय पुढे एटीकेटी (पुढच्या वर्गात जाऊन राहिलेला विषय पुन्हा देणे) म्हणून नव्या विषयांच्या डोक्यावर बसतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांची कोंडी आणखी वेगळी. लेखाकर्म त्यांना येते, शब्द अनोळखी असतात. फळ्यावर ‘ट्रायल बॅलन्स’ लिहिले की मूल गांगरते. तेच ‘तेरीज पत्रक’ म्हटले की हात आपोआप दोन रकाने आखू लागतो. रोजकीर्द म्हणजे जर्नल, खतावणी म्हणजे लेजर, घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट. वहीच्या मागच्या पानांवर डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी असे रोज दहा शब्द लिहिले, तर तीन आठवड्यांत दोनशेच्या आसपास शब्द होतात. पहिल्या सत्राला तेवढे पुरतात. नुसती यादी पाठ करू नये. बारावीचेच सोडवलेले एखादे उदाहरण इंग्रजी शीर्षके घालून पुन्हा मांडावे. आकडे ओळखीचे असल्याने लक्ष शब्दांवर राहते. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हेही विषयवार विचारावे.

शिष्यवृत्तीचा अर्ज हा तर न दिसणारा खड्डा. महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज सायबर कॅफेत भरला जातो आणि युजरनेम-पासवर्ड कॅफेच्याच वहीत राहतो. महाविद्यालयाने त्रुटी काढून अर्ज परत पाठवला, तरी मुलाला पत्ता नसतो. दर पंधरा दिवसांनी स्वतः लॉगिन करून पाहावे. दुसरी गोष्ट, खात्याला आधार क्रमांक दिला म्हणजे डीबीटीची (सरकारी रक्कम थेट खात्यात जमा होण्याची) जोडणी झाली असे नाही. केवायसी (ओळखीची पडताळणी) वेगळे, सीडिंग (ही रक्कम येण्यासाठी खाते आधारशी जोडणे) वेगळे. सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असते आणि पैसे त्याच खात्यात जातात. शहरात नवे खाते उघडताना बँकेच्या अर्जातल्या सीडिंगच्या चौकटीत खूण केली गेली, तर पालक गावच्या बँकेत चकरा मारत राहतात आणि रक्कम नव्या खात्यात पडलेली असते.

मेस लावताना आगाऊ पैसे देण्याआधी खाडे धरतात का (न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करतात का), किती दिवस आधी सांगावे लागते, हे विचारावे. बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. घरची आठवण सर्वांत जास्त येते तीही त्याच वेळी. त्या एका जेवणाचे खोलीतल्या सगळ्यांनी मिळून ठरवले, तर पहिले दोन महिने बरेच सुसह्य होतात, हे पालकांनीही सुचवावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने नवागतांसाठी 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ हा उपक्रम आणला. तो बहुतेक ठिकाणी सत्राच्या सुरुवातीला एकदाच होतो आणि शेवटच्या फेरीतली मुले त्याला मुकतात. ज्यांना तो सर्वांत जास्त हवा, तीच ही मुले. आमची महाविद्यालयांकडे मागणी आहे, की शेवटचा प्रवेश झाल्यानंतरच्या आठवड्यात तो पुन्हा घ्यावा. हजेरी, अंतर्गत गुण आणि शिष्यवृत्तीच्या तारखा यांचे एक पान मराठीत छापून विद्यार्थ्याला व पालकाला द्यावे. त्यावरच रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522 आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानस 14416 हे क्रमांक असावेत. आणि पहिल्या अंतर्गत चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका आठ दिवसांत मुलांच्या हाती पडावी, म्हणजे कुठे चुकले ते सत्र संपायच्या आत कळेल.

आपले,
वाणिज्य शाखेचे दोन प्राध्यापक, कोल्हापूर