आमच्या इमारतीचं वायफाय मार्गी लावणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे द्यायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'दादा'. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली ड्यूटी संपवून तुम्ही थेट गंगापूर रोडला आमच्या संस्थेत यायचात आणि पैशांचा विषय काढला की चहा मागायचात. सगळ्यांच्या वतीने आभार मानायला हे जाहीर पत्र.

खाली सभागृह, वर एमपीएससी करणाऱ्या मुलामुलींची अभ्यासिका, शेजारी कार्यालय, आणि वायफाय सगळ्यांना एकच. साखरपुड्याच्या पाहुण्यांना पासवर्ड दिला की त्यांचे फोन त्याच नेटवर्कवर यायचे, जिथे सभासदांच्या नोंदींचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि सीसीटीव्ही जोडलेले. यातला धोका तुम्ही कुणालाही न घाबरवता समजावलात.

राउटरच्या मेनूत 'गेस्ट नेटवर्क'चं बटण होतंच. ते चालू केलं की काम झालं, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. तुम्ही मात्र पाहुण्यांच्या वायफायला स्वतःचा फोन जोडलात आणि त्यावरून कार्यालयातला प्रिंटर चालवून दाखवलात! राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये होता, म्हणजे आधीच्याच नेटवर्कला फक्त वायफाय पुरवत होता, आणि त्या मोडमध्ये पुष्कळ राउटरांवर नाव वेगळं दिसतं, पण नेटवर्क आतून एकच राहतं. मग तुम्ही फायरवॉल (कोणी कुठे जायचं ते ठरवणारा पहारेकरी) आणि स्विच (केबली जोडणारी पेटी) बसवून कार्यालय, अभ्यासिका आणि पाहुणे असे तीन व्हीलॅन, म्हणजे त्याच यंत्रणेवर एकमेकांपासून वेगळी तीन नेटवर्कं, केलेत. पाहुण्यांना फक्त इंटरनेट; कार्यालयातलं काही दिसत नाही, एकमेकांचे फोनही नाहीत. पुन्हा तोच फोन घेऊन मजल्यामजल्यावर फिरून तपासलंत. ही तपासण्याची चिकाटी मला फार मोलाची वाटते.

सभागृहाला वायफायचं वेगळं, चौथं नाव हवं, असा काहींचा आग्रह होता. प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहादा स्वतःची दवंडी पिटत असतं, नावं वाढली की सगळ्यांचाच वेग कमी होतो, असं सांगून तुम्ही तीनवर थांबलात. लग्नसराईत संध्याकाळी वायफाय जोडलंच जायचं नाही, त्याचंही कारण काढलंत: जोडलेल्या प्रत्येक फोनला नेटवर्कात एक पत्ता लागतो, ते पत्ते जेमतेम 254, आणि सकाळी येऊन गेलेल्या फोनांच्या नावे ते 24 तास अडकलेले. पाहुण्यांसाठी ती मुदत तुम्ही एका तासावर आणलीत.

पण सगळ्यात जास्त आभार त्या वहीचे. कोणती केबल कुठे जाते, पाहुण्यांचा पासवर्ड कसा बदलायचा, हे तुम्ही साध्या मराठीत लिहून ठेवलंत आणि अभ्यासिकेतल्या मुलींकडून स्वतःसमोर करून घेतलंत. ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात कार्यालयाच्या कपाटात आहे. इतकं जाणणारा माणूस सगळं आपल्याच हाती ठेवू शकला असता. तुम्ही ते आमच्या हाती दिलंत.

2027 च्या सिंहस्थात सभागृहात बाहेरगावची मंडळी उतरतील. त्यांच्यासाठी पासवर्ड कधी आणि कोणी बदलायचा, हे मुलींनी वहीत आत्ताच लिहून ठेवलंय. एकदा येऊन नजर घाला. चहा आहेच.

तुमची,
कार्यालय सांभाळणारी ताई